थंडीपेक्षा बंद खोलीची भीती

वर कोणीतरी लिहिलंय की अंटार्क्टिकात राहायची सोय म्हणजे थंडीशी लढाई, इन्सुलेशन चांगलं असलं की झालं. अर्धंच बरोबर आहे. आत शेगडीसारखं काही जळत असेल तर जागा जितकी हवाबंद तितका कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका जास्त, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. आपल्या नवव्या मोहिमेत ८ जानेवारी १९९० ला हम्बोल्ट पर्वतातल्या कॅम्पवर चौघे असेच गेले, तिघे जीएसआयचे (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) शास्त्रज्ञ आणि एक नौदलाचा, तिथे स्मारक आहे त्यांचं.

मी लडाखला ड्युटीवर होतो तेव्हा रात्री बुखारी (खोली गरम करायची शेगडी) विझवली का बघायला एक माणूस फिरायचा, आम्ही वैतागायचो, तो गेला की पोरं परत पेटवायची (मीही, एकदा). ब्लँकेटं ढीगभर होती, या वायूचा डिटेक्टर मात्र अख्ख्या बराकीत एकही नाही.