मदत हवी आहे: खाडीत उभ्या जुन्या बार्जेसच्या रंगामुळे कालवं खराब होतात का?

मंडळी, रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठी आमचं गाव. धक्क्यापलीकडे दोन जुन्या बार्ज आणि एक टग कित्येक वर्षं नांगरून ठेवलेत. मालक फिरकत नाही आणि भंगारवालाही नेत नाही. तक्रार केली की एकच उत्तर मिळतं, "तेल गळतंय का? नाही ना? मग प्रदूषण कसलं?"

माझी शंका रंगावर आहे. पत्र्याच्या खपल्या सुटून ओहोटीला चिखलात पडलेल्या दिसतात, वरून लाल, आतून शेंदरी. म्हणजे जुनं शिशाचं अस्तर असावं. अमेरिकेत सुइसून बे इथे सरकारी जहाजं अशीच साठवून ठेवली होती, तिथे २० टनांहून जास्त रंग पाण्यात गेला आणि शेवटी ५७ जहाजं हलवावी लागली. आपल्याकडे मिऱ्यावर २०२० च्या निसर्ग वादळात आलेलं बसरा स्टार जहाज वर्षानुवर्षं गंजत पडलं, लोक तिथे फोटो काढायला जायचे!

आमच्या बायका त्याच चिखलातून कालवं काढतात. हल्ली काहींचं मांस हिरवट दिसतं. पाण्याची तपासणी करून घेऊ की आणखी कशाची?

प्रतिसाद: पाण्यावर पैसे घालवू नका, भरतीबरोबर ते बदलतं. धातू बारीक गाळाला धरून राहतात. ओहोटीला वरचा दोनेक बोटं गाळ प्लास्टिकच्या डावाने घ्या, लोखंडी नको. खाडीत वर, बार्जपासून लांबचाही नमुना हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? शिसं, तांबं, जस्त मागा. टीबीटी (ट्रायब्युटिल टिन, कथिलाचं विषारी संयुग) मुद्दाम वेगळं सांगावं लागतं. बुडावर शेवाळ, काकई धरू नये म्हणून ते रंगात घालायचे. जागतिक बंदी २००८ पासून, पण जुने थर तसेच असतात. हिरवटपणा तांब्याने येतो तसा एका सूक्ष्म शेवाळानेही येतो, त्यामुळे तेवढा पुरावा धरू नका. शिंपा फोडून बघा. फार जाड आणि आत पोकळ कप्पे असतील तर टीबीटीचा संशय घ्यायला जागा आहे. फ्रान्सच्या आर्काशों खाडीत कालवं अशीच बिघडली होती आणि १९८२ मध्ये त्यांनी छोट्या होड्यांवर तो रंग बंद केला.

धागाकर्ता: शिंपा उद्याच्या ओहोटीला बघतो. तोवर बार्जजवळची कालवं काढू नका असं घरी सांगितलंय, पण बाजाराच्या दिवशी कोण ऐकतंय! टीबीटी तपासणारी प्रयोगशाळा कोणाला माहीत असेल तर सांगा, पावसाआधी नमुने पाठवायचेत.