मैदानात ४०, लवादात ४२: २०२४-२५ची आय-लीग नक्की कुणाची?

फातोर्डा_स्टँड
सरळच मांडतो. आय-लीग फुटबॉलचे २२ सामने संपले तेव्हा आमच्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण होते, वाराणसीच्या इंटर काशीचे ३९. एप्रिलमध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयानंतर चर्चिल विजेते ठरले, करंडकही मिळाला. जुलैत स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने सगळं फिरवलं. काशी जानेवारीत नामधारी संघाकडून ०-२ हरले होते, पण नामधारीने अपात्र खेळाडू उतरवला म्हणून ते ३ गुण काशीच्या खात्यात. ३९चे ४२ झाले, आयएसएलचं, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचं, दारही त्यांनाच उघडलं. हरलेल्या सामन्याच्या गुणांवर लीग जिंकता येत असेल तर आम्ही उन्हात बसून बघायचं कशाला? माझ्या लेखी चर्चिलची विजेतेपदं तीन: २००८-०९, २०१२-१३ आणि ही.

कलम_क्रमांक
अपात्र खेळाडू उतरवला की सामना गेला, हा नियम जगभर आहे. महासंघाच्याच शिस्तपालन समितीने हे ३ गुण काशीला आधी दिले होते, अपील समितीने काढून घेतले. लवादाने मूळ निर्णय परत आणला, एवढंच. यात काशीची काय चूक?

फातोर्डा_स्टँड
आणि चर्चिलची? शिवाय मारिओ बार्को विसरलात. आधी बदललेला परदेशी खेळाडू काशीने पुन्हा नोंदवला, त्यावर तीन क्लबांनी तक्रार केली होती.

कलम_क्रमांक
विसरलो नाही. तेही लवादापुढे गेलं आणि तिथेही काशीच जिंकले.

वास्कोचा_म्हातारा
पोरांनो, चर्चिलचं नशीबच असं. २००१-०२ ला शेवटचा सामना फातोर्ड्यात, घरच्या मैदानावर, समोर मोहन बागान. बरोबरी पुरली असती. ०-१ हरले! २०२०-२१ ला गोकुळम आणि चर्चिल दोघांचे २९ गुण, आपसातल्या सामन्यांत गोकुळम सरस म्हणून लीग केरळात गेली. त्यात आता हे लवादाचं.
पण तुम्ही भांडताय त्या लीगची पत काय उरलीय तेही बघा. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षं राष्ट्रीय विजेता गोव्याचा होता. धेंपोचीच त्यात चार, प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली, साळगावकरचं एक, चर्चिलची दोन. तेव्हा कोलकात्याची माणसं आमच्याकडे बघून गप्प बसायची. २०१६ मध्ये आयएसएलला वरचं स्थान द्यायचं ठरतंय म्हटल्यावर साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो तिघांनीही आय-लीग सोडली. त्या दिवशी जे गेलं त्यापुढे हे ३ गुण म्हणजे चिल्लर.

दादर_टर्फ
काका, निदान तुमचे क्लब जिवंत तरी आहेत. धेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतलं सुद्धा. आमचं महिंद्र युनायटेड २००५-०६ ला आय-लीगच्या आधीची राष्ट्रीय लीग जिंकलं आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. गुणतक्त्यावर भांडायला तक्त्यात नाव तर हवं.

मिलानवाला_पुणे
इटलीत २००५-०६ ला युव्हेंटसकडून विजेतेपद काढून तिसऱ्या आलेल्या इंटर मिलानला दिलं. आजही ते इंटरच्या मोजणीत धरतात आणि युव्हेंटसचे चाहते धरत नाहीत. इथेही तेच चालेल, चालू द्या.

कलम_क्रमांक
तुलना जमत नाही. तिथे पंच कोण नेमायचे यात ढवळाढवळ झाली होती. इथे चर्चिलवर कसलाच डाग नाही, फक्त दुसऱ्याचे गुण वाढले. आणि फातोर्डा_स्टँड, २०२०-२१ ला २९-२९ असताना आपसातले सामने बघायचा नियम मान्य केलात ना? तोही कागदावरच होता.

फातोर्डा_स्टँड
तो नियम पहिल्या सामन्याआधी सगळ्यांना ठाऊक होता आणि निकाल मैदानातल्याच गोलांवर लागला. इथे लीग संपून तीन महिने झाले तरी विजेता कोण ते ठरत नव्हतं. हा गोंधळ ना चर्चिलचा ना काशीचा. ज्यांच्या दोन समित्या एकाच सामन्यावर दोन निकाल देतात, त्यांचा आहे.

कलम_क्रमांक
मग महासंघावर रागवा, तिथे मी तुमच्या बाजूला उभा राहतो. पण तिसरं विजेतेपद मोजू नका.

फातोर्डा_स्टँड
मोजणार.