मदत हवी आहे: शेडनेटमध्ये टमाटे – अर्का रक्षक, अर्का सम्राट की हिमसोना? (चोपडा, जि. जळगाव)

राम राम मंडळी,

तापीकाठची काळी जमीन, ठिबक आणि दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे. आजवर त्यात काकडी आणि ढोबळी मिरची घेतली. यंदा पोळा झाला की टमाटे लावायचे आहेत. सगळं जातीवर अडलंय.

अर्का रक्षक आणि सम्राट या बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या संकरित जाती. लीफ कर्ल (पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पानं गुंडाळणारा विषाणूजन्य रोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना दाद देत नाहीत. रक्षकचं फळ ९०-१०० ग्रॅमचं, सम्राटचं थोडं मोठं. पांढरी माशी आपल्याकडे किती पिडते ते सांगायला नको, म्हणून मन तिकडे ओढतं. पण झाड फार उंच जात नाही, मग नेटच्या उंचीचा उपयोग काय? हिमसोना सतत वाढत राहते, सुतळीवर चढवली की तोडे लांबतात. मात्र बगलफुटी (पानांच्या बेचक्यातून येणारे फुटवे) काढायला दर आठवड्याला मजूर लागतात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मिळवणं किती अवघड, हे तुम्ही जाणताच.

खरी काळजी मार्चनंतरची. दिवसा ३५ आणि रात्री २४ अंशांच्या वर तापमान राहिलं की परागकण निकामी होतात. शेजारच्या नेटमध्ये मी पाहिलंय: फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडतं, बोट लावलं की गळतं. जी फळं धरतात त्यांचे खांदे पिवळेच राहतात, कारण उन्हाळ्यात लाल रंग नीट भरत नाही. व्यापारी असा माल बाजूला काढतो.

दुसरं चवीचं. जाड भिंतीचं फळ गाडीत टिकतं, पण आंबटपणा असतो बियांभोवतीच्या गरात, आणि तो गर अशा फळात कमी. घरच्या भाजीला ते फिकं लागतं. मला नुसतं वजन नको, खाणाऱ्यालाही समाधान हवं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुणी या जाती नेटमध्ये घेतल्या असतील तर सांगा:
एप्रिलपर्यंत कुठलीची फळधारणा टिकली?
हिमसोनाला एक खोड ठेवलं की दोन?
सकाळी तारा हलवून परागीकरण नीट होतं का?

दादा-ताईंनो, रोपांची मागणी लवकरच द्यायची आहे. फोटो असतील तर जरूर टाका, विशेषतः शेवटच्या तोड्यांचे.