बूट झालं म्हणजे सगळं झालं असं नाही

लिनक्समधले /बिन, /एसबिन, /लिब हे फोल्डर /यूएसआरमध्ये हलवून जुन्या जागी फक्त लिंक ठेवणं म्हणजे यूएसआर-मर्ज. ‘अपडेट केलं, रीबूट केलं, लॉगिन आलं, म्हणजे ते व्यवस्थित झालं’ असं इथे दोघांनी लिहिलंय. मला ते पुरेसं वाटत नाही. आधी ‘एलएस -एलडी /बिन /एसबिन /लिब’ चालवून बघा. तिन्ही सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) दिसायला हव्यात आणि बाणापुढे ‘यूएसआर/बिन’, ‘यूएसआर/एसबिन’, ‘यूएसआर/लिब’ असं हवं, सुरुवातीला स्लॅश नको. हे बारकाईनं बघा. लिंक अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे स्लॅशनं सुरू होणारी असेल तर उद्या लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समधून) हीच डिस्क /एमएनटीवर माउंट केल्यावर ती लाइव्ह सिस्टिमच्याच फोल्डरकडे बोट दाखवेल.

डेबियन या लिनक्सवर मर्ज करणारी स्क्रिप्ट मध्येच थांबली असेल तर बहुधा एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइल्स /बिन आणि /यूएसआर/बिन दोन्हीकडे आहेत. कुणीतरी कधीतरी हातानं कॉपी केलेली असते, दुसरं काय! फाइल कुठल्या पॅकेजची ते ‘डीपीकेजी -एस’ (कॅपिटल एस) सांगतं, त्याला दोन्ही पाथ द्या. जी कुठल्याच पॅकेजची निघणार नाही ती बाजूला हलवा आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

मात्र डेबियन १२वर ‘डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/एलएस’ला काही सापडलं नाही तर घाबरू नका, डीपीकेजीच्या नोंदीत अजून जुनाच पाथ /बिन/एलएस आहे.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सनं हे मर्ज २०१२मध्येच उरकलं, डेबियननं २०२३मध्ये सक्तीचं केलं, त्यामुळे नवीन इन्स्टॉलवाल्यांना काही करायचं नाही. जुनं इन्स्टॉल वर्षानुवर्षं अपग्रेड करत आणलेल्यांनी मात्र आधी स्नॅपशॉट (सिस्टिमची आत्ताच्या स्थितीतली प्रत) घ्या. परत फिरायला स्क्रिप्टमध्ये सोय नाही.