‘अजून थोडं नीट’ आणि ‘तेव्हाच करायला हवं होतं’ : तुमचं सुटलं का?

काम हातावेगळं होत नाही आणि झालेलं मनातून जात नाही, अशा सगळ्यांसाठी हा धागा. उपदेश नकोत. तुम्ही नेमकं काय केलंत, काय सुटलं, काय अजून छळतं, ते लिहा.

सुरुवात मीच करते. दोन ओळींच्या मेलला माझा अर्धा तास जायचा. ‘कृपया’ आधी घालू की नंतर, यातच. समुपदेशक ताईंनी गृहपाठ दिला : साधा मेल एकदाच वाचून पाठवायचा आणि पाठवल्यावर उघडून बघायचा नाही. हे दुसरं फार जड गेलं. छातीत धडधडायचं. पण बघायला गेलं नाही की ती धडधड आपसूक ओसरते, हे स्वतः अनुभवल्यावरच पटलं.

*

माझं दुखणं पश्चात्तापाचं. बाबांचा आजार उशिरा कळला. ‘मला आधी कसं दिसलं नाही?’ हे रात्र रात्र डोक्यात चालायचं. शेवटी एकदा वहीत ‘तेव्हा मला काय ठाऊक होतं’ एवढंच लिहून काढलं. बाबा म्हणाले होते, “जरा दमल्यासारखं वाटतंय.” बस्स. बाकी सगळं नंतरच्या रिपोर्टांतून आलेलं! निकाल कळला की तो आधीपासूनच उघड होता असं माणसाला वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून दाखवलं होतं. ते वाचून मी रडलो. दुःख आहेच, पण स्वतःवरचा खटला मागे घेतला.

*

नव्या आयांनो, बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांची ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना जरूर वाचा. आई हळूहळू थोडी कमी पडते, म्हणूनच बाळ जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. मला यानेच झोप लागली.

*

मी थोडं वेगळं सांगते. मी परिचारिका आहे. औषधाचा डोस दोनदा तपासते आणि तपासत राहणार. तिथे ‘चालतंय’ चालत नाही. पण तीच नजर घरी येते. मुलीच्या चित्रात रंग रेघेबाहेर गेला की माझा हात पुढे व्हायचा. आता आवरते; कधी जमतं, कधी नाही. कामात काटेकोर राहून घरी सैल होणं कुणाला साधलंय का? त्यांनी सविस्तर लिहावं, मला खरंच हवंय.