टाकीत किती आहे ते बघायचं कुणी?

नेरूळकर: सकाळची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. म्हणे "इंधन संपून हेलिकॉप्टर पडलं तर पायलटला कशाला शिव्या, तुमच्या स्कूटरचं पेट्रोल कधी संपलं नाही का". आणि उदाहरण कुठलं, तर 2011 चं, अमेरिकेतलं, मिसुरीतल्या मोस्बीचं! अहो ती खाजगी कंपनीची एअर अँब्युलन्स होती. पेशंट, नर्स, पॅरामेडिक, पायलट, चौघं गेले. निघताना रेडिओवर सांगितलं दोन तासांचं इंधन आहे, पेशंटला घ्यायला उतरल्यावर लक्षात आलं की नाहीये. लक्षात आलं, तरी उडाला! धावपट्टी मैलभर राहिली आणि इंजिन बंद. वर ड्युटीवर मोबाईलवर खाजगी मेसेज चालू. ह्याला दुर्दैव म्हणायचं?

वाशीचा बाळ्या: पोस्ट माझीच होती काका. अपघाताच्या चौकशीचा अर्धा रिपोर्ट वाचून उपयोग नाही. पायलट थकलेला होता हेही त्यात आहे, आणि इंधनात गडबड असली तर कंट्रोल रूमच्या जाणकाराला कळवायचंच असा कंपनीचा नियमच नव्हता. पेशंट स्ट्रेचरवर, सगळे तुमच्या तोंडाकडे बघतायत, तेव्हा "थांबा, टँकर मागवतो" म्हणून दाखवा.

नेरूळकर: दाखवलं असतं.

वाशीचा बाळ्या: हो का. अटल सेतूवर मागच्या महिन्यात कोण अडकलं होतं ते सोसायटीत सगळ्यांना माहितीये.

खारघरची ताई: अय्या, ते तुम्ही होतात?? 😂

नेरूळकर: तो विषय वेगळा आहे. उलव्याला CNG च्या काट्याचा एक हिरवा दिवा होता, 21.8 किलोमीटरचा तर पूल, शिवडीला उतरून भरू म्हटलं. मधेच दिवा गेला, गाडी पेट्रोलवर गेली आणि पेट्रोल टाकीत वासापुरतं. त्यात खाली समुद्र, पंप नाही, थांबायला बंदी. बायको अजून बोलत नाही. पण दोष माझ्या बाजूला नाही, पंपावर दीड तास लाईन, माझा नंबर आला आणि म्हणे प्रेशर नाही, अर्धीच भरली

खारघरची ताई: प्रेशरचं तर नावच काढू नका!! पहाटे पाचला जाते मी, सगळ्यांना गाडीतून उतरवतात, पोरगं झोपेत कडेवर घेऊन उभी राहायचं, आणि पुढे रिक्षांची लाईन अगदी चौकापर्यंत

सीवूड्स सेक्टर: रिक्षावाल्यांना नावं ठेवू नका, आमची रोजी आहे. तुमची गाडी आठवड्यातून एकदा, आमची रोज. तीन तास लाईनीत उभं राहून बघा मग टाईप करा.

खारघरची ताई: दादा तुम्हाला कोण बोललं?

सीवूड्स सेक्टर: वर बघा की काय लिहिलंय. राहू द्या.

जुना मेकॅनिक: भांडणं थांबवा. चेतक स्कूटरचं पेट्रोल संपलं की आडवी करायची, अर्धा किलोमीटर निघायची. हेलिकॉप्टर कुणी आडवं करणार? पण इंजिन बंद पडलं की लगेच पडतंच असं नाही, डाव्या हाताचा लिव्हर ताबडतोब खाली दाबला तर पंखा खालून येणाऱ्या वाऱ्यावर फिरत राहतो आणि उतरता येतं. ऑटोरोटेशन म्हणतात. त्या पायलटला तेही जमलं नाही. भर वेगात इंजिन जातं तेव्हा काय करायचं याचा सराव त्या हेलिकॉप्टरवर दिलेलाच नव्हता, तेही रिपोर्टात आहे.

वाशीचा बाळ्या: बघा! ट्रेनिंग कुणी द्यायचं, कंपनीनेच ना?

नेरूळकर: बरं बाबा, कंपनी चोर, नियम चोर, थकवा चोर. पण वीस मिनिटांचं राखीव ठेवायचं हे पायलटला कंपनीने शिकवावं लागतं? उडण्याआधी काट्याकडे एकदा बघायला कुठलं ट्रेनिंग लागतं?

वाशीचा बाळ्या: तुम्ही बघितलात ना काटा. एक दिवा होता.

नेरूळकर: ...

नेरूळकर: मी चार माणसं घेऊन उडत नव्हतो.

वाशीचा बाळ्या: वहिनी आणि दोन पोरं धरून चारच होता. जाऊ दे. मेसेजचं मला माहीत नव्हतं, ते चुकलंच त्याचं, तेवढं मागे घेतो. बाकी पोस्ट तशीच राहणार.

खारघरची ताई: ते सगळं ठीक, आत्ता सीवूड्सला प्रेशर आहे का कुणी सांगेल का?

सीवूड्स सेक्टर: आहे. माझ्या पुढे अकरा रिक्षा आहेत. आता या.