मदत हवी आहे: घरच्या चाकावर जमतं, कॉलेजच्या चाकावर भांडी बुडाला तडकतात

खापरतुकडा

नमस्कार मंडळी. बीएफएचं फाउंडेशन वर्ष संपवून यंदा सिरॅमिक घेतलंय. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले कुंभार. घरी चाक आहे, वडील अजून माठ-गाडगी करतात, मी आठवीपासून चाकावर बसतोय. त्यामुळे प्रवेश घेताना वाटलं होतं, बाकी काही नाही तर चाकाच्या तासाला तरी मी पुढे असेन. झालं उलटंच.

गेल्या महिन्यात १२ मग केले. त्यातल्या ७ मगांना बुडाच्या मधोमध इंग्रजी एससारखी चीर गेली, फोटो जोडलाय. शेजारच्या चाकावरच्या मुलीने जूनपर्यंत मातीला हात लावला नव्हता, तिचे मग जाडजूड आणि वाकडे आहेत, पण शाबूत! माझा वेगही तिच्या तिप्पट. मोठा गोळा बसवतो, वरून एकेक भांडं काढतो, दोऱ्याने कापतो, पुढचं. सरांनी भांडी पाहिली, म्हणाले, "हाताला सवय होऊ दे." आता सवय अजून किती व्हायची?

बाबा फोनवर म्हणाले, माती नीट मळली नसशील. मळली होती, तार घालून कापून पाहिली, आत हवा नव्हती.

माती कॉलेजची, स्टोनवेअरची: बॉल क्ले, चायना क्ले, फेल्डस्पार, क्वार्ट्झ. बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, ९५० अंशांना. सबमिशनला तीन आठवडे उरलेत. शिवाय ग्लेझच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या) पेपरातलं ते सूत्र डोक्यावरून जातं, पण आधी तड्यांचं सांगा.

भट्टीराखण्या

फोटो पाहिला. काही सांगण्याआधी तीन गोष्टी विचारतो. चीर पहिल्यांदा कधी दिसली, वाळताना की बिस्क काढल्यावर? भांडी कशावर वाळत ठेवली होती? आणि ते मोठ्या गोळ्यावरून भांडी काढणं, तसं वर्गात अजून कुणी करतं का?

खापरतुकडा

काका, दोन मगांना वाळतानाच केसासारखी रेघ दिसली होती, बाकीच्यांची बिस्कनंतर कळली. फळीवर सुलट ठेवली होती, पंख्याखाली. मोठ्या गोळ्यावरून काढणारा वर्गात मी एकटाच. बाकीचे प्रत्येक मगासाठी वेगळा गोळा घेऊन बॅटवर, म्हणजे चाकावर बसवलेल्या सपाट फळीवर, करतात.

भट्टीराखण्या

मग सापडलं. तुझा हात चुकत नाहीये, तुझ्या घरच्या पद्धतीतली अर्धी पायरी कॉलेजात गळून पडलीय.

मातीचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात. भिंत वर ओढताना ते दाबाखाली एकावर एक नीट बसतात. बुडाचं तसं होत नाही. गोळ्यात अंगठा घालून तू ते नुसतं उघडतोस. बॅटवर करणाऱ्यांचं बूड निदान खालून टणक पृष्ठावर दाबलं जातं. तुझ्या बुडाखाली मऊ मातीचा ढीगच असतो, दाब द्यायला खाली आधार नाही. वर तो पिळलेला ढीग दोऱ्याने कापलेला. वाळताना काठ आधी सुकून आखडतो, बूड शेवटी. तोवर भिंत घट्ट झालेली, ती काही आत सरकत नाही. मग बूड आपल्याच मध्यावर फाटतं. चाकाचा पीळ मातीत असतो म्हणून चीर सरळ न जाता एससारखी वळते.

आता आठव, वडील चाकावरून माठ काढल्यावर काय करतात? आतून गोटा धरतात आणि बाहेरून थापीने ठोकतात. तू म्हणशील ते आकार वाढवायला. बरोबर. पण त्याच ठोकण्यात बूडही दाबलं जातं. वडिलांच्याही गोळ्यात हीच कमजोरी असते, थापी ती मिटवते. पण तुझ्या मगाला कोण ठोकतं? कोणी नाही. तू चाकावरचं निम्मं काम आणलंस आणि थापी घरी ठेवून आलास.

दुसरं, घरच्या मातीत रेती, राख, लीद असते. त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाटा मिळतात आणि माती कमी आखडते. आव्यात लीद जळून बारीक छिद्रं राहतात, म्हणून तर माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. कॉलेजची माती नेमकी उलट हेतूने केलेली. बारीक बॉल क्लेने ती लवचिक होते, पण आखडतेही जास्त, आणि १२०० अंशांच्या वर आत काच होऊन ती घट्ट मिटते. ती पंख्याखाली वाळवायची नसते.

चहापात्र

काकांचं निदान पटलं. मी पुण्यात छोटा स्टुडिओ चालवते, रोजचं करायचं ते सांगते. गोळा उघडल्यावर भिंत ओढायच्या आधी लाकडी रिबने (घोटायच्या पट्टीने) बूड मध्यापासून काठाकडे आणि परत मध्याकडे, तीन-चारदा चांगलं दाब. गोळ्यावरून काढायचे असतील तर दुप्पट. आत साचलेलं पाणी स्पंजने टिप, तळ्यासारखं ठेवू नकोस. कापल्यावर बूड लेदर हार्ड, म्हणजे चामड्यासारखं अर्धवट सुकलेलं, झालं की बाहेरूनही चमच्याच्या पाठीने घोटून घे. मग उपडे घालून प्लॅस्टिकखाली ठेव, म्हणजे काठ आणि बूड बरोबर वाळतील. पंखा बंद!

लालमाती_९

एवढं कशाला? १५ टक्के ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) घाल, संपलं.

चहापात्र

मगाच्या काठाला ग्रॉग ओठाला खरखरीत लागतो, बाबा. मोठ्या कुंड्यांना घाला खुशाल. आणि ग्रॉगने चूक झाकली जाईल, कळणार नाही.

भट्टीराखण्या

लालमाती, तुमचं सगळंच चुकीचं नाही, मोठ्या कामाला मीही घालतो. पण या मुलाने आधी आपली माती ओळखायला हवी. १४ सेंमी लांब, १ सेंमी जाड पट्ट्या कर. ओल्या असतानाच त्यावर बरोबर १० सेंमीची रेघ आख. वाळल्यावर मोज, बिस्कनंतर मोज, ग्लेझच्या आचेनंतर मोज. वाळून ९.४ झाली तर ६ टक्के आखडली, शेवटी ८.८ भरली तर एकूण १२. शेजारी घरची माती आणून तिच्याही पट्ट्या कर. सबमिशनला मगांपेक्षा या पट्ट्या जास्त बोलतील, असं माझं मत. सरांना तुझा हात दिसतोच, तू काय तपासलंस ते दिसत नाही.

अजून एक. चीर ग्लेझनंतर दिसली तर कडा बघायच्या. कडा गोल आणि ग्लेझ आत ओघळलेलं, तर चीर आधीची. कडा ब्लेडसारख्या धारदार, तर भट्टी थंड होताना फाटलं. ५७३ अंशांच्या आसपास क्वार्ट्झ आपला आकार बदलतो, तिथे भट्टी घाईने उघडली की हा प्रकार होतो. तुझ्या फोटोतला तो नव्हे.

खापरतुकडा

काका, ताई, खूप आभार. थापीचं वाचून दोन मिनिटं गप्पच बसलो. ग्लेझचं थोडं सांगता का?

चहापात्र

सूत्राला घाबरू नकोस. तीन कामं लक्षात ठेव. सिलिका काच करते, ॲल्युमिना तिला भांड्यावर धरून ठेवतो, बाकीचे ऑक्साइड ती वितळवतात. हेरमान झेगर या जर्मन रसायनतज्ज्ञाने वितळवणाऱ्यांची बेरीज १ धरली आणि उरलेल्यांचं प्रमाण त्याच्याशी मोजलं. बस, तेवढंच ते सूत्र. हातात यायचं असेल तर १२८० अंशांच्या आसपासचं साधं मिश्रण घे: फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (चुनखडीची पूड) २०, चायना क्ले १०. मग एक-एक घटक कमी-जास्त करून टाइल भाज. टाइल उभ्या भाज, म्हणजे ओघळ दिसेल, आणि मागे आयर्न ऑक्साइडने नंबर लिही. मी पहिल्या वर्षी पेन्सिलने लिहिले होते, भट्टीत नंबर जळून गेले, ३० टाइल अनाथ झाल्या.

निर्मला पटवर्धन यांनी आपल्याकडे मिळणाऱ्या खनिजांवर ग्लेझचं जे काम करून ठेवलंय, ते ग्रंथालयात शोध. आणि कोरडी पावडर चाळताना एन-९५ लाव. झाडू नाही, ओलं पुसायचं. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही.

भट्टीराखण्या

आणि भद्रावतीचा ग्रामोदय संघ तुझ्याच जिल्ह्यात आहे. सुट्टीत जाऊन ये. गावच्या कुंभाराच्या हाताला नवी माती, नवी भट्टी कशी जुळवायची याचं काम तिथे बऱ्याच वर्षांपासून चालतं.

खापरतुकडा

१८ दिवसांनी लिहितोय. गोळ्यावरूनच १२ मग काढले. सहांचं बूड दाबलं, सहांचं मुद्दाम नाही. वाळवले सगळे उपडे, प्लॅस्टिकखाली. न दाबलेल्यांपैकी चार गेले, दाबलेल्यांपैकी एकही नाही. म्हणजे नुसत्या सावकाश वाळवण्याने भागत नाही. पट्ट्याही झाल्या: कॉलेजची माती वाळून ६.५ टक्के, घरची ४. सरांनी पट्ट्या हातात घेऊन बराच वेळ बघितल्या, काही बोलले नाहीत, पण एक स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतली.

बाबांना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाले, "निघताना थापी घे म्हटलं होतं, तू म्हणालास तिथे मशीन आहे." दिवाळीला आणतोय.

एक राहिलं. दोन मगांच्या कानाला जोडापाशी बारीक रेघ आलीय. खरवडून स्लिप (पातळ कालवलेली माती) लावूनच जोडले होते. मग जरा जास्त वाळलेला होता आणि कान ओला, त्याने होत असेल का?